दुकानाचा ठावठिकाणा : लहान व्यवसायाची नोंद आणि स्थानिक शोध यांचा इतिहास

१

लहान दुकानदाराचा उदरनिर्वाह दोन गोष्टींवर अवलंबून असतो. त्याचा माल व त्याचे कसब चांगले असावे लागते, ही पहिली. आणि ज्याला त्या मालाची वा कसबाची गरज आहे त्याला तो दुकानदार सापडावा लागतो, ही दुसरी. पहिल्या गोष्टीचा विचार व्यापाराच्या इतिहासात पुष्कळ झालेला आहे. दुसरी गोष्ट मात्र बहुधा गृहीत धरली जाते. दुकान रस्त्यावर आहे, तेव्हा ते सापडणारच, अशी सर्वसाधारण समजूत असते.

वस्तुतः सापडणे ही वरकरणी भौगोलिक वाटणारी घटना मूलतः भाषिक आहे. गिऱ्हाईक आपली गरज आपल्या तोंडी असलेल्या शब्दाने व्यक्त करते. दुकान आपली ओळख दुसऱ्या एखाद्या शब्दाने सांगते. हे दोन शब्द जेथे जुळतात तेथे शोध सफल होतो. जेथे ते जुळत नाहीत तेथे दुकान चार पावलांवर असूनही गिऱ्हाइकाच्या लेखी नसल्यासारखेच ठरते. शब्दांची ही गाठ घालून देण्याचे काम प्रत्येक काळात कोणत्या ना कोणत्या मध्यस्थाकडे राहिले आहे. कधी तो मध्यस्थ आळीचे नाव होता, कधी टपालखात्याचा नोकर, कधी दूरध्वनीची छापील सूची, आणि आज तो गूगलसारखे शोधयंत्र आहे. मध्यस्थ बदलला की नोंदीची भाषा बदलते, आणि नोंदीची भाषा बदलली की कोणाचे दुकान सापडेल व कोणाचे सापडणार नाही, हेही बदलते. या बदलाचा इतिहास पाहिल्यावाचून आजच्या लहान व्यावसायिकाची अडचण नीट उमगणार नाही.

२

मराठी खेड्याच्या जुन्या व्यवस्थेत शोधाचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट हे बलुतेदार वतनाने गावाशी बांधलेले होते. कुणब्याला आपला लोहार शोधावा लागत नसे. तो त्याला वारशानेच मिळालेला असे. बारा बलुतेदारांच्या याद्या प्रांतोप्रांती जुळत नाहीत, हे प्रसिद्धच आहे. परंतु एका गावापुरती यादी निश्चित असे आणि ती सर्वांना मुखोद्गत असे. जेथे पुरवठादार एकच आणि तोही ओळखीचा, तेथे नोंदवहीचे प्रयोजन उरत नाही.

कसब्यात व शहरात हे चित्र पालटले. तेथे एकाच धंद्याची अनेक माणसे एकत्र वसली आणि वस्तीला धंद्याचे नाव पडले. पुण्यातील तांबट आळी, बुरूड आळी, मुंबईतील झवेरी बाजार, कोल्हापुरातील गुजरी व चप्पल लाईन ही नावे म्हणजे एका अर्थी शहराची वर्गीकृत सूचीच होय. तांब्याचा हंडा हवा असलेल्या माणसाला कारागिराचे नाव ठाऊक असण्याची गरज नव्हती. आळीचे नाव पुरेसे होते. या पद्धतीचा मोठा गुण असा की तिच्यात लहान व मोठा दुकानदार यांच्यात फारसा भेद होत नसे. आळीत शिरलेले गिऱ्हाईक दोघांच्याही दारावरून जाई.

या सूचीचा दोषही ध्यानात घेतला पाहिजे. धंदा बदलतो, पण नाव टिकते. मुंबईची लोहार चाळ आज विजेच्या सामानासाठी प्रसिद्ध आहे. परक्या माणसाला केवळ नावावरून तेथे काय मिळते, हे कळणार नाही. त्यासाठी शहराची तोंडी परंपरा अवगत असावी लागते. म्हणजे आळीची सूची होती, परंतु ती वाचण्याची किल्ली स्थानिक भाषिक समाजाच्या हाती होती.

ज्यांना आळी नव्हती त्यांनी आवाजाचा आश्रय केला. कल्हईवाला, बोहारीण, धार लावणारा हे गिऱ्हाइकाने आपल्याला शोधावे याची वाट न पाहता स्वतःच दारोदार जात. त्यांची आरोळी पुष्कळदा इतकी घासलेली असे की परक्याला तिच्यातले शब्दही कळू नयेत. परंतु ज्यांच्यासाठी ती होती त्यांना ती स्वरावरूनच ओळखू येई. व्यवसायाची खूण गिऱ्हाइकाच्या कानाला परिचित असली पाहिजे, हे तत्त्व येथे आपल्या अगदी मूळ रूपात दिसते.

३

मध्यस्थाने जाणीवपूर्वक ठेवलेल्या नोंदवहीची कल्पना युरोपात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात लेखनिविष्ट झालेली आढळते. १५८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत मोंतेन या फ्रेंच लेखकाने स्वतःच्या वडिलांची एक कल्पना नमूद केली आहे. प्रत्येक नगरात एक ठरावीक जागा असावी, तेथे एका अधिकाऱ्याकडे लोकांनी आपापली गरज नोंदवावी. कोणाला मोती विकायचे असतील, कोणाला ते घ्यायचे असतील, कोणाला चाकर हवा असेल, तर कोणाला धनी. एकमेकांना हवी असलेली माणसे केवळ एकमेकांचा पत्ता नसल्यामुळे अडून राहतात, हे त्या निरीक्षणाचे मर्म होते. पुढे १६३० च्या सुमारास तेओफ्रास्त रनोदो या वैद्याने पॅरिसमध्ये अशी कचेरी प्रत्यक्षात उघडली. अल्प शुल्क घेऊन, आणि गरिबांकडून काहीही न घेता, तेथे मागणी व पुरवठा यांची नोंद होत असे.

लंडनमध्ये १६७७ मध्ये सॅम्युएल ली याने शहरातील व्यापाऱ्यांची नावे व पत्ते एकत्र छापले. तथापि त्या यादीत घाऊक व्यापारी व सराफ होते. कोपऱ्यावरचा मोची किंवा पाववाला तिच्यात नव्हता. नोंदवही प्रथम मोठ्यांची होते आणि लहानांपर्यंत उशिरा पोहोचते, हा क्रम पुढेही वारंवार दिसून येतो.

लहान दुकानदाराचा आधार त्या काळी टांगलेली पाटी हाच होता. साक्षरता कमी असल्यामुळे पाटीवर अक्षरांऐवजी चित्र असे आणि पत्ताही त्या चित्रावरूनच सांगितला जाई. पुढे या पाट्या इतक्या वाढल्या की त्यांनी रस्ते अडू लागले. पॅरिसमध्ये १७६१ च्या आदेशाने त्या भिंतीशी सपाट लावण्याची सक्ती झाली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात १७६२ च्या कायद्यानंतर त्या उतरवल्या जाऊ लागल्या. त्यांची जागा हळूहळू घरक्रमांकाने घेतली. पॅरिसमध्ये १८०५ मध्ये रस्त्याच्या एका बाजूस सम व दुसऱ्या बाजूस विषम आकडे देण्याची पद्धत आली आणि तिची दिशा सेन नदीवरून ठरवण्यात आली. चित्र जाऊन आकडा आला. चित्र ही दुकानदाराची निवड होती. आकडा हा शासनाने दिलेला होता. ठावठिकाणा सांगण्याचा अधिकार दुकानदाराकडून नोंद ठेवणाऱ्याकडे कसा सरकत गेला, हे या एका बदलात स्पष्ट होते.

एकोणिसाव्या शतकात ही प्रक्रिया पूर्णत्वास गेली. लंडनची टपाल निर्देशिका १८०० मध्ये टपालखात्यातील नोकरांनीच सुरू केली. १८३० नंतरच्या दशकात ती फ्रेडरिक केली या टपाल अधिकाऱ्याच्या हाती आली आणि त्याच्या नावाने घरोघर परिचित झाली. माहिती गोळा करण्याचे काम पत्रे वाटणाऱ्या नोकरांकडून होई. सरकारी नोकरांचा हा खाजगी उपयोग आहे, अशी टीकाही पुढे झाली. केलीच्या निर्देशिकेचे वैशिष्ट्य असे की तिच्यात तीच माहिती निरनिराळ्या क्रमांनी मांडलेली असे : रस्त्याच्या क्रमाने, व्यक्तीच्या नावाच्या क्रमाने आणि धंद्याच्या क्रमाने. स्थान, नाव आणि व्यवसाय ही नोंदीची तीन अंगे येथे प्रथमच इतक्या पद्धतशीरपणे वेगळी झाली. पुढील सर्व काळ या तीन अंगांभोवतीच फिरतो.

४

अमेरिकेतील न्यू हेवन येथे फेब्रुवारी १८७८ मध्ये निघालेली दूरध्वनी सूची म्हणजे एकच कागद होता. तिच्यात पन्नास नोंदी होत्या आणि एकाही नोंदीपुढे क्रमांक नव्हता, कारण जोडणी करून देणाऱ्या माणसाला नाव सांगितले की पुरे होई. लक्षणीय गोष्ट ही की एवढ्याशा सूचीतही नावे वर्गवार लावलेली होती : निवासस्थाने, वैद्य, दंतवैद्य, दुकाने, मांस व मासळीचे बाजार. दूरध्वनीच्या जन्मापासूनच धंद्याचे वर्गीकरण त्याच्याशी निगडित होते. शिकागो येथे १८८६ मध्ये रूबेन डॉनेली याने केवळ व्यवसायांची वर्गीकृत सूची काढली, आणि पिवळ्या पानांचा संप्रदाय तेथून विस्तारला.

मध्यस्थ किती प्रभावी असू शकतो, याचे एक उदाहरण दूरध्वनीच्या इतिहासात नेहमी दिले जाते. कॅन्सस सिटी येथील आल्मन स्ट्रॉजर हा अंत्यविधीचे सामान पुरवणारा व्यावसायिक होता. जोडणी करणारी स्त्री आपल्याला आलेले निरोप प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय होता, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेची सत्यता काहीही असो, १८९१ मध्ये त्याला स्वयंचलित जोडणीयंत्राचे एकस्व मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे त्या पद्धतीचे पहिले केंद्र सुरू झाले. एका लहान व्यावसायिकाने मध्यस्थ माणसाला दूर सारण्यासाठी यंत्र निर्माण केले. यंत्र निःपक्षपाती असते, ही श्रद्धा त्यामागे होती. त्या श्रद्धेची परीक्षा पुढील शतकात व्हावयाची होती.

छापील सूचीने एक चमत्कारिक भाषिक परिणामही घडवून आणला. एका वर्गात नावे वर्णक्रमाने लावली जात असल्यामुळे जो प्रथम येई त्याला प्रथम विचारणा होई. परिणामी इंग्रजी भाषिक देशांत रोमन लिपीतील पहिले अक्षर दोनदा-तीनदा लिहून सुरू होणारी नावे नळ दुरुस्त करणारे, कुलपे उघडून देणारे, वाहने ओढून नेणारे यांनी धारण केली. ‘एएए’ या अक्षरांना स्वतःचा काही अर्थ नव्हता. पानावरची जागा एवढाच त्यांचा अर्थ होता. येथवर नाव गिऱ्हाइकासाठी असे. आता ते सूचीसाठी ठेवले जाऊ लागले. शोधाच्या साधनाने भाषेलाच वाकवल्याचे हे जुने उदाहरण आजच्या परिस्थितीशी ताडून पाहण्याजोगे आहे.

५

भारतात १८८२ च्या प्रारंभी कोलकाता, मुंबई व मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. परंतु दूरध्वनी हे दीर्घकाळ थोड्यांचे साधन राहिले आणि त्याची सूची ही शासकीय प्रकाशनाची बाब राहिली. मुंबई व दिल्ली येथील दूरध्वनी सेवा १९८६ मध्ये महानगर टेलिफोन निगमाकडे आली. १९८७ पासून निगमाने सूची छापण्याचे काम ठेकेदारांकडे सोपवले आणि तिच्यात जाहिरातींची पिवळी पाने आली. त्याच सुमारास मुंबईत टाटा प्रेस या संस्थेने व्यवसायांच्या जाहिरातींचा वर्गीकृत संग्रह स्वतंत्रपणे काढण्यास सुरुवात केली. अशी सूची काढण्याचा अधिकार केवळ आपलाच, असा दावा निगमाने केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

या वादाचा निकाल ऑगस्ट १९९५ मध्ये लागला. दूरध्वनीधारकांची यादी छापण्याचा अधिकार निगमाचा. व्यापाऱ्यांच्या जाहिरातींचा संग्रह काढण्यास मात्र इतरांना मोकळीक आहे, असे न्यायालयाने ठरवले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, व्यापारी जाहिरात हाही राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने दिलेल्या भाषण व अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग होय, असे न्यायालयाने मान्य केले. दुकानदाराने आपला ठावठिकाणा सांगणे आणि गिऱ्हाइकाला तो कळणे, या दोन्ही गोष्टींना त्यामुळे घटनात्मक प्रतिष्ठा लाभली. पाटी रंगवणे हेसुद्धा एक प्रकारचे भाषण आहे, हा विचार भाषाभ्यासकाला विशेष मननीय वाटावा असाच आहे.

पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, मुंबईत जस्ट डायल ही सेवा सुरू झाली. दूरध्वनी करून अमुक भागात अमुक धंद्याचे दुकान कोठे आहे, असे विचारले की पलीकडील माणूस नोंद पाहून नाव-पत्ता सांगत असे. छापील सूचीच्या मानाने हे साधन एका दृष्टीने पुढारलेले होते. विचारणाऱ्याला सूचीचे वर्ग ठाऊक असण्याची गरज उरली नाही. ‘मिक्सर दुरुस्त करणारा’ असे सांगितले तरी पुरे. त्या शब्दांचे वर्गात रूपांतर करण्याचे काम ऐकणारा माणूस करी. बोलभाषा व नोंदभाषा यांच्यामध्ये येथे एक दुभाष्या उभा होता.

६

छापील पिवळ्या पानांचा अस्त एकविसाव्या शतकात झाला. इंग्लंडमध्ये ती १९६६ साली ब्रायटन येथून सुरू झाली होती, आणि २०१९ च्या जानेवारीत शेवटची प्रतही ब्रायटनमध्येच वाटली गेली. तोवर त्यांचे कार्य शोधयंत्राने उचलले होते. गूगलने २००४ मध्ये स्थानिक शोधाची सोय आणली व २००५ मध्ये नकाशा प्रसिद्ध केला. दुकानदाराने स्वतःची नोंद स्वतः भरण्याची जी सोय त्याच वर्षी सुरू झाली तिची नावे पुढे अनेकदा बदलली. २०१४ मध्ये तिला गूगल माय बिझनेस व २०२१ मध्ये गूगल बिझनेस प्रोफाइल असे नाव मिळाले. नोंद खरी आहे याची खात्री करण्यासाठी दुकानाच्या पत्त्यावर सांकेतिक क्रमांक छापलेले पोस्टकार्ड पाठवण्याची पद्धत दीर्घकाळ प्रचलित होती. केलीच्या काळातील पत्रवाटप्या नोकर अशा रीतीने पुन्हा एकदा नोंदीचा साक्षीदार झाला.

या साधनात दुकानांचा क्रम कसा लागतो, हा लहान व्यावसायिकाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे. गूगलने स्वतः तीन मुख्य निकष सांगितले आहेत : विचारलेल्या शब्दांशी नोंदीची संगती, विचारणाऱ्यापासूनचे अंतर, आणि व्यवसायाची प्रसिद्धी. यांतील अंतर दुकानदाराच्या हाती नसते. प्रसिद्धी ही गिऱ्हाइकांचे अभिप्राय, इतरत्र झालेले उल्लेख इत्यादींवर ठरते आणि ती सावकाश मिळते. संगती मात्र पुष्कळ अंशी नोंदीतील शब्दांवर अवलंबून असते, आणि हे शब्द लिहिणे दुकानदाराला शक्य असते. वर्णक्रम गेला, त्याची जागा अर्थक्रमाने घेतली, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

जुनी युक्तीही नव्या वेशात परत आली. वर्णक्रमाच्या काळी नावाआधी अक्षरे जोडत. आता नावापुढे धंद्याचे व गावाचे शब्द जोडण्याचा मोह होतो. ‘स्वस्त’, ‘सर्वोत्तम’, ‘जवळचे’ ही विशेषणे नावाचाच भाग बनवली जातात. गूगलच्या नियमांना हे मान्य नाही. दुकानाच्या पाटीवर असते व गिऱ्हाइकांना ठाऊक असते तेच नाव नोंदीत असावे, असा त्यांचा दंडक आहे आणि तो मोडल्यास नोंद स्थगित होऊ शकते. नियमाचे पालन सर्वत्र होते असे नव्हे. खोट्या पत्त्यांवरील कुलूपवाल्यांच्या नोंदींनी अमेरिकेत बराच काळ गोंधळ माजवला होता. तरीही नियमाचे तत्त्व योग्यच आहे. पाटी, नोंद आणि लोकांच्या तोंडचे नाव ही तिन्ही एक असावीत, हे ते तत्त्व होय. मराठी मुलखात नेमके येथेच अवघड प्रश्न उभे राहतात.

७

महाराष्ट्रात दुकानाची पाटी देवनागरी लिपीतील मराठीत असणे बंधनकारक आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही २०२२ च्या दुरुस्तीने हा नियम लागू झाला, आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असेही ठरले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत अशा पाट्या लावण्यास सांगितले. पाटीचा प्रश्न अशा रीतीने निकाली निघाला. परंतु आज गिऱ्हाईक रस्त्यावर येण्याआधी जी पाटी वाचते ती दूरध्वनीच्या पडद्यावरची असते, आणि ती पुष्कळदा रोमन लिपीत असते. भिंतीवरचे नाव एका लिपीत, नोंदीतील नाव दुसऱ्या लिपीत, अशी ही दुहेरी अवस्था आहे.

लिप्यंतराने होणारी हानी भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवी नाही. मराठीतील ल व ळ, न व ण, त व ट, द व ड यांतील भेद नित्याच्या रोमन लेखनात पुसला जातो. माळी आणि माली, काणे आणि काने ही रोमनमध्ये एकरूप होतात. उलट, एकाच मराठी नावाची रोमन रूपे अनेक होतात. ‘लक्ष्मी’ व ‘श्री’ यांची दोन-तीन वर्णलेखने एकाच रस्त्यावर आढळतील, आणि ‘ज्ञानेश्वर’ हे नाव मराठी उच्चाराप्रमाणे लिहिले जाईल की हिंदी उच्चाराप्रमाणे, याचा नेम नाही. वडापावातील ‘व’ दोन प्रकारे लिहिला जातो, तो जोडशब्द कधी एकत्र तर कधी तोडून लिहितात. २०२१ मध्ये गूगलने रोमन लिपीतील स्थळनामे यंत्राकरवी मराठीसह दहा भारतीय भाषांच्या लिप्यांत उतरवण्याचा उपक्रम जाहीर केला. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु मराठी नाव आधी रोमनमध्ये घालून मग यंत्राने परत देवनागरीत आणले, तर मधल्या प्रवासात हरवलेला ळ परत मिळेलच, याची शाश्वती नसते. जो दुकानदार आपले नाव देवनागरीत स्वतःच नोंदवतो त्याचे नाव या प्रवासातून वाचते.

देवनागरीतील माहितीला आणखी एक अडथळा होता. युनिकोड या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीत १९९१ पासून देवनागरीचा समावेश असूनही मराठी छपाई व पाट्यांचे काम दीर्घकाळ निरनिराळ्या खाजगी टंकांवर चालले. त्या टंकांत लिहिलेला मजकूर डोळ्याला मराठी दिसे, परंतु यंत्राच्या लेखी तो निरर्थक रोमन अक्षरांचा समूह असे. लिहिलेले असूनही न सापडणारे, अशी त्या मजकुराची स्थिती होती.

दुसरा प्रश्न व्याकरणाचा आहे. इंग्रजीत स्थळनामापूर्वी शब्दयोगी शब्द सुटा येतो आणि नाम अविकृत राहते. मराठीत नामाचे सामान्यरूप होते व प्रत्यय त्याला चिकटतो. सातारा हे ‘साताऱ्यात’ होते, पुणे हे ‘पुण्यातील’, कोल्हापूर हे ‘कोल्हापुरात’. ‘साताऱ्यातले कंदी पेढे’ असे विचारणाऱ्याला सातारा या नावाची नोंद मिळावयाची तर यंत्राला मराठीचे रूपविज्ञान अवगत असले पाहिजे. ज्या भाषेत लेखन विपुल उपलब्ध असते त्या भाषेचे व्याकरण यंत्र लवकर शिकते, इतरांचे सावकाश. याची झळ यंत्र चालवणाऱ्याला लागत नाही. ती पेढेवाल्याला लागते.

तिसरा प्रश्न धंद्याच्या नावांचा. शोधयंत्राच्या नोंदीत व्यवसायाचा वर्ग तयार यादीतून निवडावा लागतो. ही यादी अन्य समाजाच्या व्यवहारावर आधारलेली आहे. मराठीत ‘हॉटेल’ म्हणजे बहुधा खाण्याचे ठिकाण. मूळ इंग्रजीत ते उतरण्याचे ठिकाण. मिसळ विकणाऱ्याने आपल्या तोंडच्या शब्दाला अनुसरून वर्ग निवडला तर त्याची गणना निवासगृहात होईल. ‘मेडिकल’ म्हणजे मराठीत औषधांचे दुकान, ‘झेरॉक्स’ म्हणजे प्रती काढून देणारा. हे शब्द इंग्रजीतून आले असले तरी त्यांचे अर्थ आता मराठी आहेत. उलट, ‘अमृततुल्य’, ‘खानावळ’, ‘भुसार’ यांना परक्या यादीत नेमके घर नाही. जस्ट डायलच्या जुन्या सेवेत हे अंतर भरून काढणारा माणूस होता. आता ते काम दुकानदाराने स्वतः करावयाचे आहे : वर्ग यादीतला निवडावा, आणि वर्णनात आपल्या गिऱ्हाइकाचा शब्द लिहावा.

चौथा प्रश्न पत्त्याचा. मराठी शहरांत पत्ता क्रमांकाने क्वचितच सांगितला जातो. तो खुणेने सांगितला जातो. पुण्याचा पत्ता सोन्या मारुती, पत्र्या मारुती, खुन्या मुरलीधर यांच्यावाचून पुरा होत नाही. आणि ‘समोर’, ‘मागे’, ‘शेजारी’ ही शब्दयोगी अव्यये हाच त्याचा प्राण असतो. शासनाने क्रमांकाची शिस्त लावण्याचा प्रयत्न केला. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडित व टपालखात्यातील अधिकाऱ्याच्या योजनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला. गावांच्या समान नावांमुळे आणि भाषाभेदामुळे होणारा गोंधळ त्याने पुष्कळ कमी केला. परंतु पिनकोड टपालाला विभागापर्यंत नेतो. दारापर्यंत माणसाला खूणच नेते. गूगलनेही २०२३ मध्ये भारतातील पत्त्यांसाठी परिसरातील खुणांचा निर्देश करणारी सोय जाहीर केली. अडीचशे वर्षांपूर्वी युरोपात आकड्याने चित्राला हुसकावले होते. येथे आकड्याला खुणेशी तडजोड करावी लागली, हे अर्थपूर्ण आहे.

८

या इतिहासाचे तात्पर्य काय? साधने अनेक झाली, तरी नोंदीची अंगे तीच राहिली : नाव, धंदा, स्थान, आणि त्यांना जोडलेली विश्वासार्हता. आळीत ही विश्वासार्हता शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मिळे. आज ती गिऱ्हाइकांनी लिहिलेल्या अभिप्रायांतून मिळते. लहान दुकानदाराने या तीन अंगांत एकवाक्यता राखली, म्हणजे पाटीवरचेच नाव नोंदीत दोन्ही लिप्यांत व सर्वत्र एकाच वर्णलेखनाने लिहिले, धंदा लोकांच्या शब्दांत सांगितला, पत्त्याला खूण जोडली, उघडण्या-मिटण्याच्या वेळा खऱ्या ठेवल्या आणि अभिप्रायांना उत्तर दिले, तर यंत्राच्या बदलत्या नियमांची त्याला फारशी धास्ती बाळगावी लागणार नाही. कारण हे नियम शेवटी गिऱ्हाइकाचा शब्द व दुकानाचा शब्द यांची गाठ घालण्यासाठीच आहेत.

परंतु सर्व भार दुकानदारावर टाकणे न्याय्य नव्हे. वर्गांची यादी कोणी करावी, धंद्याला कोणत्या नावाने ओळखावे, ळ हे अक्षर राहावे की जावे, हे प्रश्न दुकानाच्या उंबरठ्यावर सुटणारे नाहीत. मराठी धंद्यांच्या नावांचे कोश, त्यांचे प्रांतोप्रांतीचे पर्याय, स्थळनामांची सामान्यरूपे आणि रोमन लेखनाचे एकमान्य संकेत यांचे संकलन हे भाषाभ्यासकांचे काम आहे. मोल्सवर्थच्या कोशासारखे प्रचंड काम एकोणिसाव्या शतकात झाले, तेव्हा त्याचा लाभ प्रशासनाला व शाळेला झाला. तसे काम आज झाले तर त्याचा लाभ तांबट आळीतल्या कारागिराला आणि पिठाच्या गिरणीला होईल. न्यू हेवनच्या पन्नास नावांच्या कागदापासून आजपर्यंत सूची ठेवणाऱ्याने आपल्या भाषेत जग लावले आहे. त्या सूचीत मराठीने आपले शब्द वेळेवर घातले नाहीत, तर दुकाने राहतील, पण त्यांना त्यांच्या नावाने हाक मारणारे कमी होत जातील.